चाचा घेत नाहीत तो कचरा

पर्यावरणशास्त्र हा आमच्या अभ्यासक्रमातला असा विषय आहे, जो शिकवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं लावलं. एम. सी. मेहता या वकिलांची जनहित याचिका, १९९१चा निकाल, आणि त्यातून पर्यावरण सक्तीचं झालं. बाकीचे विषय आम्ही आमच्या कर्मानं भोगतो, हा एकटा कोर्टाच्या हुकमानं. हुकूम सुटला तरी अंमलबजावणी रेंगाळलीच, म्हणून २००३ साली कोर्टाला पुन्हा दटावावं लागलं. हा भाग मला फार आवडतो. गृहपाठ देऊन बारा वर्षांनी वही तपासायला मागणारे शिक्षक आमच्या वाट्याला का आले नाहीत?

आमच्याकडे हा तास दुपारी शेवटचा असतो. मी औंढ्याच्या पुढून, वसमतच्या अंगाच्या एका खेड्यातून हिंगोलीला येते. त्यामुळे रोज दुपारी शाश्वत विकास आणि एसटी यांची शर्यत लागते, आणि एसटी जिंकते. शाश्वत विकास पुढच्या पिढ्यांसाठीही थांबणार असतो. औंढ्याची गाडी थांबत नाही.

तरीही जे काही कानावर पडलं, त्यातली व्याख्या पाठ झाली. १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या आयोगानं ती जगाला दिली: आजच्या पिढीनं आपल्या गरजा अशा भागवाव्यात, की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणं अवघड होऊ नये. मी ही व्याख्या घरी मोठ्यानं पाठ करत होते. आजी ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं दोनदा ऐकून घेतली, तिसऱ्यांदा म्हणाली, “म्हंजी बेणं विकून खाऊ नाही. एवढंच ना? मग इतकं लांबण कशाला लावायलीस?”

हळदीच्या मुलखाबाहेरच्या लोकांसाठी सांगते. फेब्रुवारी-मार्चात हळद निघाली की चांगले गड्डे निवडून बाजूला काढायचे, झाडाच्या सावलीत ढीग घालून त्यावर हळदीचाच पाला झाकायचा आणि मे-जूनमध्ये लागवडीपर्यंत तिकडे बघायचंही नाही. ते बेणं. एरवी त्याच्याकडे बघायचा मोह कुणाला होत नाही. पण एखाद्या वर्षी भाव चढतो, हिंगोलीच्या आणि वसमतच्या मोंढ्यात ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि मग झाडाखालचा तो ढीग माणसाला रात्री झोपू देत नाही. आमच्या अण्णांना अशाच एका वर्षी झोप लागली नाही. ढिगातला अर्धा त्यांनी शिजवून विकला आणि घरात मोठा टीव्ही आला. मे महिन्यात दुसऱ्याकडून चढ्या भावानं बेणं आणावं लागलं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळा तालुका हरखला, आमच्या घरात मात्र आजी अण्णांकडे बघत म्हणाली, “नाव वसमतचं अन् बेणं दुसऱ्याचं.” टीव्हीवर पर्यावरणाची बातमी लागली की अण्णा अजून आवाज कमी करतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं, आणि मुदत २०३०ची. आमच्या परीक्षेत त्यावर टीप येते. आजीचं उद्दिष्ट एकच आहे. त्यावर टीप येत नाही, टोमणा येतो.

पुस्तकातल्या पुढच्या प्रकरणात तीन पायऱ्या आहेत: वापर कमी करा, पुन्हा वापरा, आणि तेही जमेना तर त्यातून नवीन वस्तू करा. क्रम महत्त्वाचा आहे, असं आमच्या मॅडम फळ्यावर दोनदा अधोरेखित करून सांगतात. आमच्या घरात हे खातेवाटप आधीच झालेलं आहे. वापर कमी करायचं खातं महागाईकडे आहे, पुनर्वापर आजीकडे आणि पुनर्चक्रीकरण भंगारवाल्या चाचांकडे. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून मी शिकते आहे.

आजीच्या खात्याचा कारभार बघायचा तर लुगड्यापासून सुरुवात करावी लागते. सुती लुगडं आधी पाहुण्यांत नेसायचं, मग घरात, मग रानात. विरलं की वाकळीत. वाकळीच्या आत किती लुगडी दडलेली असतात हे शिवणारीलाच ठाऊक. वाकळ फाटली की ती बेण्याच्या ढिगावर, नाहीतर म्हशीच्या पाठीवर. तिथून तिचं पोतेरं होतं, पोतेऱ्याच्या चिंध्या चुलीत जातात, चुलीची राख भांड्याला लागते आणि भांड्याचं पाणी अळूच्या आळ्यात. एका लुगड्याचा हा सगळा प्रवास आजीनं सांगितला तो मी वहीत उतरवून घेतला. शेवटी अळूची भाजी झाली. मॅडम म्हणाल्या, याला जीवनचक्र विश्लेषण म्हणतात. आजीला सांगितलं तर म्हणाली, “याला लुगडं म्हणतेत.”

इथं एक परिच्छेद आपल्या पूर्वजांच्या पर्यावरणप्रेमावर लिहायची पद्धत आहे. साहित्य भरपूर हाताशी आहे. नामदेव महाराजांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात, घराणं शिंप्याचं, म्हणजे तुकडा वाया न घालवण्याची शिस्त इथल्या मातीतच. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ बघा: खाली यादवकाळातलं कोरीव दगडी काम, वर नंतरच्या काळातली डागडुजी, दोन्ही काळ लांबूनही वेगळे ओळखू येतात. मोडलं म्हणून पाडलं नाही, आहे त्यावरच पुन्हा उभं केलं. झालंच तर फुटक्या गाडग्याचा तुकडा डोक्यावर टोपी म्हणून घालणारे आणि जेवणाच्या वेळी त्याच तुकड्यात भाकरी घेणारे गाडगेबाबा. एवढं लिहिलं की प्रकल्पात दोन मार्क वाढतात, हे आमच्या वरच्या वर्गांनी सिद्ध केलेलं आहे.

मी हा परिच्छेद आजीला वाचून दाखवला. देवळाच्या नावाला तिनं हात जोडले आणि मग म्हणाली, “पैसे नव्हते माय. असते तर मी बी फेकलं असतं.”

त्यानंतर तो परिच्छेद मी काढून टाकला. कापड महाग होतं म्हणून टिकवलं, भांडं महाग होतं म्हणून कल्हई करून घेतली. पृथ्वीला वाचवायचा कुणाचाच इरादा नव्हता. पृथ्वी आपली गरिबीच्या आडोशाला उभी राहून आपोआप वाचत गेली. आता कापड स्वस्त झालं, आणि आजीचं खातं अडचणीत आलं.

अडचण पॉलिस्टरची आहे. पॉलिस्टरची साडी विरत नाही, फाटत नाही, रंगही सोडत नाही. हे सगळे तिचे गुण, आणि दुकानदार तेच सांगून ती विकतो. पण तिचं पोतेरं होत नाही, कारण ती पाणी पीत नाही. चुलीपाशी फडकं म्हणून चालत नाही, कारण ती वितळते. वाकळीत घातली तर वाकळ घसरते. अंगावर आजीचं वजन असलं तरी सकाळी ती वाकळ पायथ्याशी सापडते. पहिल्या जन्मात अमर आणि दुसऱ्या जन्मात बिनकामाची, अशी ही वस्तू आजीच्या हिशेबात बसतच नाही.

त्यातून आहेर नावाची संस्था आहे. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत जी मानाची साडी दिली जाते, ती नेसण्यासाठी नसते, पुढे देण्यासाठी असते. पुठ्ठ्यासकट, टाचणीसकट ती एका ट्रंकेतून दुसऱ्या ट्रंकेत जाते. कळमनुरीच्या लग्नात निघालेली साडी सेनगाव, हिंगोली असा दौरा करून तीन लग्नसराया उलटल्यावर मूळ घरी परत येते, आणि घरची बाई तिच्याकडे बघून म्हणते, “अशीच एक मी घेतल्ती.” तीन बाण एकमेकांचा पाठलाग करतात ते पुनर्चक्रीकरणाचं चिन्ह पुस्तकात पाहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा ही साडी आठवली.

हा फेरा थांबला तो रानडुकरांमुळे. सोयाबीनमध्ये, हळदीत रात्री डुकरं घुसतात, रोही येतात, आणि तारेचं कुंपण परवडत नाही. मग कुणीतरी शोध लावला की रानाभोवती साड्या बांधल्या की वाऱ्यानं फडफडतात आणि जनावर बिचकतं. बघता बघता सगळ्या शिवाराला साड्या नेसवल्या गेल्या. आठवडी बाजारात जुन्या साड्या आता खास कुंपणासाठी मिळतात. श्रावणात एसटीच्या खिडकीतून बघावं तर दोन्ही बाजूंनी मोरपंखी, राणी, आंबा, वांगी अशा रंगांची लग्नसराई चाललेली, आणि मधोमध हिरवं सोयाबीन मांडवात बसल्यासारखं.

याचा एक परिणाम कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही. परवा आत्यासोबत एसटीतून येत होते. ती खिडकीशी. एकाएकी तिनं माझा हात घट्ट धरला.

“ती बघ. ती डाळिंबी. जरीच्या काठाची.”

“मग?”

“मग काय मग? ती मी दिल्ती! तिच्या पोरीच्या लग्नात! अन् तिनं ती डुकराला नेसवली!”

पुढचं गाव येईपर्यंत आत्या काहीच बोलली नाही. उतरताना म्हणाली, “बांधायचीच होती तर मागच्या धुऱ्याला बांधायची. रस्त्याकडंच का?” डुकरांचं म्हणाल, तर ती पहिल्या वर्षी भ्याली, दुसऱ्या वर्षी सरावली, आणि आता साडीच्या खालून, पदराला धक्का न लावता, आत येतात. पाहुण्यांमधले संबंध तेवढे पहिल्या वर्षीच बिघडले.

या साडीबद्दल मला पुस्तकात एक गोष्ट सापडली, ती वाचून मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते, त्याला पेट म्हणतात; आणि साडीचा पॉलिस्टर धागा हा त्याच पेटचा असतो. एकाला ओतून बाटली केली, दुसऱ्याला ओढून धागा. म्हणून तर जुन्या बाटल्या चिरडून, वितळवून त्यांचा धागा काढता येतो. २०१५च्या विश्वचषकात आपल्या संघाच्या अंगावरचे कपडे असेच वापरलेल्या बाटल्यांपासून केलेले होते. म्हणजे आमच्या शिवाराला नेसवलेलं जे आहे, ते खरं तर बाटल्यांचं कुंपण आहे. उन्हानं ती साडी दोन-तीन हंगामांत कुसते, तिचे बारीक तुकडे मातीत पडतात, आणि तिथंच पुढच्या वर्षी आम्ही बेणं लावतो. हे सांगितल्यावर अण्णांनी विचारलं, “मग डुकरांचं काय करायचं?” पुस्तकात डुकरांवर काही नव्हतं.

साड्यांनंतर शिवारात सगळ्यात जास्त दिसतो तो फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावी आमदार. चौकातलं काम संपलं की हे फ्लेक्स रातोरात गायब होतात, आणि पोलिसात तक्रार कुणी देत नाही. दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीवर भावी आमदार आडवे झालेले असतात, पावसापासून कडबा राखत. आमच्या गोठ्यावर एक आहेत. हात जोडून, आभाळाकडे बघत, पाच वर्षांत एक थेंब आत येऊ दिला नाही. अण्णा त्यांचे विरोधक, पण म्हणतात, “माणूस कामाचा निघाला.” मागच्या निवडणुकीनंतर फ्लेक्स उलटा करून टाकला. मागची पांढरी बाजू वर, चेहरा खाली म्हशींकडे. म्हशींनी त्याची दखल घेतलेली नाही.

‘प्लास्टिकमुक्त परिसर’ हा आमच्या ओळखीचा दुसरा फ्लेक्स. तोही प्लास्टिकचाच होता, हे मी मुद्दाम सांगायची गरज नाही. मार्च २०१८मध्ये राज्यानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा तो गावात लागला. आता तो पिठाच्या गिरणीवर पत्र्याच्या भोकावर आहे. मजकूर ‘मुक्त परिसर’ एवढाच वाचता येतो, त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो.

तर प्रकल्प. दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्यानं पर्यावरणावर एक प्रकल्प लिहायचा असतो, आणि बहुतेक जण ‘आपल्या परिसरातील घनकचरा व्यवस्थापन’ हाच विषय घेतात. कारण त्याची फाईल तयार मिळते. ती एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे जाते, फक्त पहिलं पान बदलतं. मला दाखवायला आणलेली फाईल किती पिढ्या जुनी होती कुणास ठाऊक. तिच्यात पन्नास कुटुंबांचं सर्वेक्षण आहे, आणि ती पन्नास कुटुंबं वर्षानुवर्षं रोज तेवढाच कचरा टाकत आली आहेत. सतराव्या कुटुंबात शाळेत जाणारी एक मुलगी आहे. सगळ्या वर्षांचा हिशेब धरला तर एव्हाना तिचं लग्न होऊन तिला मुलं झाली असतील, पण माहेरचा तीनशे ग्रॅम कचरा तिनं सोडलेला नाही. पुनर्वापर या विषयाला इतका न्याय देणारं दुसरं उदाहरण मला कॉलेजात आढळलं नाही.

पण ती फाईल माझ्या आधी दुसरीनं पळवली, म्हणून मला नवीन सर्वेक्षण करणं भाग पडलं. मी चाचांची वाट बघितली.

चाचा आठवड्यातून एकदा मोपेडवर येतात. मागं दोन पोती, पुढं तराजू, हँडलला भोंगा, भोंग्यात रेकॉर्ड केलेला आवाज. वर्षानुवर्षं तोच आवाज आहे, फक्त मध्ये एकदा ‘रेडिओ’ हा शब्द गेला आणि ‘मोबाईल’ आला. आजीचं आणि त्यांचं वैर जुनं आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आजीला हरवू शकते, पण तीही चाचांपुढे टिकत नाही. आजी आधी घरच्या काट्यावर माल तोलून ठेवते. चाचा आपल्या तराजूवर तोलतात. दोन्हींत जो फरक पडतो त्यावर अर्धा तास चर्चा होते आणि शेवटी चाचांना चहा मिळतो. चहाची किंमत दोघंही हिशेबात धरतात.

मी वही काढून प्लास्टिकचे प्रकार विचारले. पुस्तकात ते सात आहेत. वस्तूच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात एक ते सात आकडा असतो: एक म्हणजे पेट, दोन म्हणजे जाड डब्याचं, तीन पीव्हीसी, असं करत सात म्हणजे ‘इतर’. त्या बाणांची कथा मला आधीच आवडलेली. १९७० साली अमेरिकेत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कंपनीनं स्पर्धा ठेवली, आणि गॅरी अँडरसन नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं तीन बाणांचं चित्र काढून बक्षीस पटकावलं. एका विद्यार्थ्याचं काम जगातल्या प्रत्येक डब्यावर गेलं. आमचं काम खालच्या वर्गापर्यंतच जातं. पुढे १९८८मध्ये तिथल्या प्लास्टिक उद्योगानं त्या बाणांसारख्याच त्रिकोणात हे आकडे घातले. ते फक्त प्लास्टिकची जात सांगतात, त्यापासून पुन्हा काही होईलच असं वचन देत नाहीत. पण बाण बघून माणसाला वाटतं की झालं, ही वस्तू आता आपली आपण परत जाणार.

चाचांनी आकडे कधी बघितले नाहीत. ते वस्तू वाकवतात, नखानं खरवडतात, टिचकी मारून कान लावतात. त्यांच्या लेखी प्रकार दोनच: चलता आणि नै चलता. ‘चलता’च्या आत मात्र जातिव्यवस्था कडक आहे. वर तांबं, मग पितळ, मग जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी, मग लोखंड, मग रद्दी, प्लास्टिक सगळ्यात खाली, आणि प्लास्टिकमध्ये ठिबकच्या जुन्या नळ्या मानाच्या. जर्मनचं फुटकं पातेलं त्यांनी लगेच उचललं. खाणीतल्या मातीपासून नवीन ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या पाच टक्क्यांत जुनं वितळवून नवीन होतं. हे मी त्यांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, “इसी लिए तो भाव है बेटा.” आजीनं हे ऐकलं आणि भाव दोन रुपयांनी वाढवून मागितला. शिक्षणाचा उपयोग घरात झालेला त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिला.

मग मी घरातली सगळी वेष्टणं त्यांच्यापुढे ओतली. शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांची, कुरकुऱ्यांची, मसाल्याची, कॉफीची, आणि मागच्या अंगणात वाऱ्यानं जमलेल्या गुटख्याच्या. चाचांनी एक पुडी उचलली, चुरगळली, सोडली. ती पुन्हा उलगडली.

“ये नै चलता.”

“का?”

“इसका कुछ नै होता. जोडके रखा है.”

नेमकं पुस्तकाच्याच भाषेत त्यांनी सांगितलं होतं, फक्त पुस्तकाला त्यासाठी पान लागलं. या पुडीत एकावर एक थर चिकटवलेले असतात, प्लास्टिकचे, मधे ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. माल ताजा राहावा म्हणून ते असे जोडतात की परत सुटू नयेत, आणि परत सुटत नाहीत म्हणून त्यांचं पुन्हा काही होत नाही. तांबं खपतं, लोखंड खपतं, भावी आमदार गोठ्यावर खपतात, पण एक रुपयाची पुडी या तराजूला जड आहे. माझ्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष तिथंच लागला. ओला आणि सुका ही विभागणी घंटागाडीसाठी ठीक आहे. खरा कचरा म्हणजे चाचा घेत नाहीत तो.

या व्याख्येनं पाहिलं की गाव वेगळंच दिसायला लागतं. उकिरड्यावर शेण नाही, ते शेतात गेलं. कडबा म्हशीनं खाल्ला, पऱ्हाट्या चुलीत गेल्या, नळ्या चाचांनी नेल्या. उरलं ते सगळं चकचकीत. त्यात बहुमत गुटख्याचं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. गुटखा प्लास्टिकच्या पुडीत विकायलाही देशभर वेगळी बंदी आहे. दोन-दोन बंद्या असलेली वस्तू आमच्या पारापासून शाळेपर्यंत पायघड्यांसारखी पसरलेली आहे. जिच्यावर एकही बंदी नाही अशी युरियाची गोणी मात्र हंगामात शोधूनही सापडत नाही, आणि सापडली तर रिकामी, पावसात कुणाच्या तरी डोक्यावर.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. २०१८च्या त्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे अनामत होती: पिशवी परत करा, पन्नास पैसे परत घ्या. कल्पना उत्तम. पण पन्नास पैशांचं नाणं रिझर्व्ह बँकेला मान्य असलं तरी आमच्या किराणावाल्याला मान्य नाही. तो दोन पिशव्यांवर एक गोळी देतो. गोळीला वेष्टण असतं.

आजीला चाचांचा नकार लागला. तिच्या हयातीत असं झालं नव्हतं की घरातून निघालेल्या वस्तूला कुणीच नाही म्हणावं. तिनं त्या पुड्या फेकू दिल्या नाहीत. खताच्या रिकाम्या गोणीत भरून गोठ्यात, भावी आमदारांच्या खाली, टांगून ठेवल्या. “बारा वर्षांनी उकिरड्याचं बी दैन्य फिटतंय,” ती म्हणाली, “ठिव तिकडं.” तेव्हापासून तिनं गोळा करायचा सपाटाच लावला. रस्त्यानं जाता येता वाकून उचलते. शेजारणींनी आधी चौकशी केली, मग काळजी, आणि आता आपल्या घरच्या पुड्याही तिच्याकडे आणून टाकतात, म्हणजे गावाला न मागता कचरा संकलन केंद्र मिळालं.

मीच शेवटी तिला मदुराईची गोष्ट सांगितली. तिथं राजगोपालन वासुदेवन म्हणून रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी टाकाऊ प्लास्टिक बारीक करून, तापलेल्या खडीवर वितळवून, त्यात डांबर मिसळून रस्ते करायची रीत काढली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पिशव्या, वेष्टणं, ज्यांना कुणी विचारत नाही ते सगळं त्यात जातं.

आजीनं हातातली शेंग खाली ठेवली.

“अन् ते रस्त्यात टाकायचं?”

“हो.”

“आपल्या पांदणीच्या रस्त्यात?”

आमच्या पांदणीला रस्ता म्हणणं हा आजीचा आशावाद आहे. पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टर रुततो, आणि तो काढायला दुसरा आणला तर तोही रुततो. मी तिला सांगितलं की एका पदरी रस्त्याला किलोमीटरमागं साधारण एक टन प्लास्टिक लागतं. एक पुडी ग्रॅमभराची धरली तर दहा लाख पुड्या. हा आकडा ऐकून ती गोणी खाली उतरवेल, असं मला वाटलं होतं.

आजीनं बोटं उघडली आणि पारावर बसणाऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. कोण दिवसाला किती खातो, हे तिला तोंडपाठ होतं. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची निम्मी झाली, मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “अन् तुझा थोरला काका धर. जरा कळ काढली तर वळणापर्यंतचा तो एकटा करील.”